गाडी लागते की गाडीची धास्ती बसली आहे? कुत्र्याला प्रत्येक प्रवासात होणारा त्रास आणि त्याचे निवारण

ठाण्यातील वाघबीळहून नवी मुंबईतील नेरूळला माझ्या थोरल्या बहिणीकडे जाणे हा आमचा रविवारचा ठरलेला क्रम आहे. अंतर पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचे. लवकर निघाल्यास पाऊण तास आणि उशीर झाल्यास दीड तास लागतो. टिकली, म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली आमची चौदा किलोंची गावठी कुत्री, दहा महिन्यांची असल्यापासून या प्रवासात आमच्याबरोबर असते, आणि जवळजवळ वर्षभर दर रविवारी एकच गोष्ट घडत असे. मानपाड्याच्या सिग्नलपाशी तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबू लागे, माजिवड्याला ती थरथरू लागे आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पोहोचेपर्यंत मागच्या सीटवर ओकारी झालेली असे.

आम्ही सुचेल ते सर्व करून पाहिले. काचा पूर्ण उघड्या ठेवल्या, मग पूर्ण बंद ठेवल्या. आदल्या रात्रीपासून तिला उपाशी ठेवले. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बसवले, जे किती धोक्याचे होते हे मला नंतर कळले. ‘हळूहळू सवय होईल’ असे सोसायटीतील अनेकांनी सांगितले, म्हणून आम्ही एकही रविवार चुकवला नाही. सवय झाली ती उलट दिशेने. पुढे पुढे किल्ल्यांचा आवाज ऐकताच ती पलंगाखाली जाऊन बसू लागली आणि पार्किंगमध्ये चारही पाय रोवून जागची हलेनाशी झाली.

घोडबंदर रस्त्यावरील आणि नवी मुंबईतील ज्या ज्या कुटुंबांशी या विषयावर माझे बोलणे झाले, त्यांपैकी बहुतेकांची अडचण थोड्याफार फरकाने हीच होती, आणि चूकही हीच होती. कुत्रा गाडीत ओकतो म्हणजे त्याला गाडी लागते, असे आपण गृहीत धरतो. ते खरे असू शकते. पण ओकारी, लाळ आणि थरथर ही तिन्ही लक्षणे केवळ भीतीनेही होतात, आणि भीतीवरचा उपाय गाडी लागण्यावरच्या उपायापेक्षा पूर्णपणे वेगळा आहे. त्यामुळे सर्वप्रथम एकच प्रश्न सोडवावा लागतो: त्रास नेमका केव्हा सुरू होतो?

आधी वेळ लिहून ठेवा

हा मार्ग मला ताईने दाखवला. तिची सगळी नोकरी रुग्णालयात परिचारिका म्हणून झाली आहे. ती म्हणाली, “अरे, ओकारी हे शेवटचं टोक आहे. त्याच्या आधी काय काय होतं ते घड्याळ लावून लिहून काढ, मग बोलू.” त्या रविवारी माझी पत्नी गाडी चालवत होती आणि मी मागे टिकलीशेजारी वही घेऊन बसलो. त्या पानावरच्या नोंदी अशा आहेत: ‘७.१०, किल्ल्या हातात घेतल्या, शेपूट खाली. ७.१४, पार्किंग, गाडी दिसताच जीभ नाकावर दोनदा. ७.१५, दार उघडले, जांभई, कान मागे. ७.१७, इंजिन सुरू, थरथर. ७.३१, मानपाडा, लाळ. प्रत्येक ब्रेकला नखे सीटवर रोवते. ७.५८, विटावा, ओकारी.’

या सहा-सात ओळींनी वर्षभराचा गोंधळ सोडवला. गाडी जागेवर उभी असताना, इंजिनही बंद असताना कुत्रा ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभया देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशा रीतीने बाजूला पाहतो किंवा थरथरतो, तर ती भीती आहे. कारण गती नसताना गाडी लागू शकत नाही. तो आनंदाने उडी मारून आत बसतो, पहिली दहा-पंधरा मिनिटे ठीक असतो आणि मग गप्प होऊन लाळ गाळू लागतो, तर बहुधा त्याला खरोखर गाडी लागते. त्रास फक्त ट्रक घसटून जाताना, पुलाखाली किंवा कर्कश हॉर्नच्या वेळी होत असेल, तर मूळ आवाजात आहे. केवळ दुपारच्या प्रवासात होत असेल, तर उन्हाचा विचार आधी करावा. आणि कुत्रा घरीही ओकत असेल, तर गाडीचा विषय बाजूला ठेवून पशुवैद्यांकडे जावे.

एक अपवाद मुद्दाम सांगतो. वर्षानुवर्षे विनातक्रार प्रवास करणाऱ्या वयस्क कुत्र्याला अचानक गाडी लागू लागली, त्यात तो मान एका बाजूला कलती ठेवत असेल, चालताना झोकांड्या खात असेल, किंवा त्याची बुबुळे आपोआप इकडून तिकडे झटके घेत असतील, तर तो कानाच्या आतील भागाचा किंवा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा आजार असू शकतो. तेथे घरगुती प्रयोग करण्यात वेळ घालवू नये.

टिकलीच्या बाबतीत एकावर एक तीन गोष्टी चढल्या होत्या. लहानपणी तिला खरोखर गाडी लागत होती. त्या अनुभवातून गाडीचीच धास्ती बसली. आणि या सर्व काळात गुळगुळीत रेक्झिनच्या सीटवर तिचे पाय घसरत होते, ज्यामुळे पहिल्या दोन्ही गोष्टींना दर रविवारी नव्याने खतपाणी मिळत होते. आम्ही त्यांपैकी सर्वांत सोप्या गोष्टीपासून, म्हणजे पायांपासून, सुरुवात केली.

पाय घसरणे आणि शरीर बांधलेले असणे

आपण सीटवर बसतो तेव्हा पाठीला टेकण असते, पाय जमिनीवर असतात, हात धरायला जागा असते आणि पुढचा रस्ता दिसत असल्यामुळे ब्रेक लागण्याआधीच शरीर सावध होते. कुत्र्याला यांपैकी काहीही नसते. सीटची बैठक मागच्या बाजूला उतरती असते, पुढे पाय ठेवण्याच्या जागेचा खड्डा असतो आणि तो चार पंजांवर स्वतःला तोलून उभा असतो. मेट्रोच्या कामांमुळे अरुंद झालेल्या घोडबंदर रस्त्यावर रांग दर काही सेकंदांनी सुटते आणि थांबते. त्या प्रत्येक वेळी तो पुढे किंवा मागे फेकला जातो. टिकलीची नखे सीटच्या कव्हरमध्ये इतकी रुतत असत की तिच्या बसण्याच्या जागी समांतर ओरखड्यांचे पट्टेच पडले होते. ते मी अनेक महिने पाहत होतो, पण ती मस्ती करते असे समजत होतो.

उपाय खर्चिक नाही. पुढच्या आणि मागच्या सीटमधला खड्डा आम्ही घट्ट उशा आणि जुन्या गाद्यांच्या तुकड्यांनी भरून काढला. त्यावर चारही बाजूंनी उभ्या कडा असलेले, पुढच्या व मागच्या सीटच्या डोकेटेकूंना अडकवायचे झोळीसारखे कव्हर लावले, आणि त्यात आईच्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी दुमडून घातली. गोधडीवर पंजा घसरत नाही, ती धुता येते आणि तिला घराचा वास असतो. झोळी मात्र केवळ घाण अडवण्यासाठी आणि खड्ड्यात पडू नये म्हणून असते; अपघातात ती कुत्र्याला धरून ठेवू शकत नाही. त्यासाठी शरीर बांधलेलेच हवे.

येथे थोडे गणित समजून घेणे आवश्यक आहे. ताशी ५० किलोमीटर हा वेग ठाणे-बेलापूर रस्त्यावर कोणालाही जास्त वाटत नाही. परंतु जवळजवळ १० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणारी वस्तू जमिनीवर ज्या वेगाने आदळते तो हाच वेग आहे. गाडी अचानक थांबली आणि कुत्रा मोकळा असला, तर तो त्याच वेगाने पुढच्या सीटवर, काचेवर किंवा चालकाच्या मानेवर आदळतो. मांडीवर घेतलेल्या कुत्र्याला हाताने धरून ठेवता येईल, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. शिवाय पुढच्या सीटवर एअरबॅग असते. ती प्रौढ माणसाच्या छातीचा अंदाज घेऊन बनवलेली असते आणि क्षणार्धात प्रचंड जोराने फुगते. तिच्यासमोर कुत्रा असणे जीवघेणे ठरू शकते. कुत्र्याची जागा मागच्या सीटवरच.

बांधायचे ते छातीच्या हार्नेसला. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नाही, कारण ब्रेकच्या धक्क्यात संपूर्ण शरीराचा भार मानेवर आणि श्वासनलिकेवर येतो. हार्नेसचा छातीवरचा भाग रुंद आणि आतून मऊ असावा, आणि तो अंगावर इतका घट्ट असावा की पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम सरकतील. त्याच्या पाठीकडील कडीपासून सीटबेल्टच्या खाचेपर्यंत जाणारा जोडपट्टा आखूड हवा: कुत्र्याला बसता, आडवे होता आणि अंग वळवता आले पाहिजे, परंतु पुढच्या दोन सीटच्या मधल्या फटीपर्यंत त्याचे तोंड पोहोचता कामा नये. आमचा पहिला हार्नेस दिसायला उत्तम होता, पण त्याचा प्लास्टिकचा खटका रबाळ्याजवळ एका साध्या ब्रेकला तुटला. तेव्हापासून मी खरेदी करताना हार्नेस उलटा करून शिलाई पाहतो, ज्या कडीवर भार येणार ती धातूची आहे याची खात्री करतो, आणि घरी आणल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहतो. केवळ फिरायला नेण्यासाठी बनवलेला हार्नेस आणि गाडीत भार सोसण्यासाठी बनवलेला हार्नेस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. विक्रेत्याने काहीही सांगितले तरी हा फरक लक्षात ठेवावा.

लहान चणीच्या कुत्र्यासाठी कडक पिंजरा अधिक चांगला, पण तोही पट्ट्यांनी गाडीला आवळलेला हवा. नुसता सीटवर ठेवलेला पिंजरा कुत्र्यासह उडतो. हॅचबॅकच्या मागच्या भागात हवा खेळती असेल तर तेथे बांधलेला पिंजरा चालतो. सेडानच्या बंद डिकीचा विचारही करू नये.

हार्नेस लावल्यानंतर ज्याची मी अपेक्षा केली नव्हती ती गोष्ट घडली. पहिल्याच महिन्यात टिकलीची लाळ निम्म्यावर आली. सुरक्षिततेसाठी केलेल्या उपायाने तिच्या शरीराचे हेलकावे थांबले होते, आणि हेलकावे हेच तर गाडी लागण्याचे मूळ असते.

खरोखर गाडी लागत असेल तर

कानाच्या आतल्या भागात तोल ओळखणारी यंत्रणा असते. शरीर हलते आहे असे ती मेंदूला सांगते, आणि त्याच वेळी डोळ्यांना मात्र समोरच्या सीटची स्थिर पाठ दिसत असते. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते. पिल्लांमध्ये हा त्रास अधिक आढळतो आणि साधारण वर्षभराचे होईपर्यंत अनेकांचा तो आपोआप कमी होतो. मात्र तोपर्यंत दर वेळी ओकारी होऊ दिली, तर शरीर सुधारते आणि धास्ती मागे उरते. म्हणून पिल्लू लहान आहे, मोठे झाल्यावर ठीक होईल, असे म्हणून त्रास अंगावर काढायला लावू नये.

जेवण निघण्याच्या तीन-चार तास आधी द्यावे. पहाटे निघायचे असेल तर रात्रीचे जेवण पुरे होते. मात्र आम्ही केली तशी दिवसभराची उपासमार करू नये, कारण पूर्ण रिकाम्या पोटीही काही कुत्रे पिवळसर फेस ओकतात. पाणी थोडे थोडे द्यावे, बंद करू नये. दोन बोटे उंचीएवढी काच उघडी ठेवल्याने ताजी हवा येते. तेवढ्या फटीतून डोके बाहेर निघत नाही, आणि ते निघूही नये: घोडबंदर रस्त्यावरची खडी-धूळ डोळ्यांत जाते आणि दुचाक्या अगदी खेटून जातात. गाडीतील उग्र सुगंधी बाटली मात्र काढून टाकावी. आपल्यालाच तिने मळमळते, तर त्याच्या नाकाचे काय होत असेल.

यापेक्षा मोठा वाटा चालकाच्या पायाचा आहे. पुढच्या गाडीपासून अंतर राखून, रांगेत सारखे पुढे-मागे न करता, ब्रेक लांबून आणि हळुवार दाबत गाडी चालवली, तर निम्मे काम होते. आमच्या घरी माझ्यापेक्षा माझी पत्नी गाडी अधिक संथ चालवते. टिकली बरोबर असताना जाताना-येताना तीच चालकाच्या जागी बसते. आणि निघण्याची वेळ सकाळी लवकरची. तीन हात नाका असो वा तुर्भे, रविवारीही नऊनंतर रस्ता तुंबतो आणि तुंबलेला रस्ता म्हणजे ब्रेक.

इतके करूनही ओकारी थांबत नसेल, तर औषध घेण्यात काहीही कमीपणा नाही. मॅरोपिटंट नावाचे, कुत्र्यांच्या ओकारीवरचे औषध पशुवैद्य देतात. ते निघण्याच्या किमान दोन तास आधी, अगदी घासभर अन्नाबरोबर द्यायचे असते. येथे एक बारकावा आहे. पोट बिघडल्यामुळे होणाऱ्या ओकारीसाठीची त्याची मात्रा आणि गाडी लागण्यासाठीची मात्रा निरनिराळ्या आहेत, त्यामुळे मागच्या आजारपणातील उरलेली पट्टी काढून अंदाजाने गोळी देऊ नये. माणसांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नयेत. आपण मळमळ थांबावी म्हणून तोंडात धरतो त्या साखरविरहित गोळ्या किंवा च्युइंगम तर त्याच्या जवळही नकोत, कारण त्यांपैकी काहींमध्ये असणारे झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असते.

औषधाने ओकारी थांबते. भीती जात नाही. आमच्या टिकलीला औषध दिल्यावर ती ओकली नाही, पण पार्किंगमध्ये पाय रोवणे तसेच राहिले. वहीतली ७.१४ ची नोंद खरी ठरली.

धास्ती उतरवण्याचा लांबचा रस्ता

या भागाला आम्हाला सात आठवडे लागले, आणि त्या सात आठवड्यांत नेरूळला जाणे पूर्ण बंद ठेवले. हा निर्णय सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक होता. एका बाजूला आपण गाडी चांगली असते असे शिकवायचे आणि रविवार आला की दीड तास तिला तोच त्रास द्यायचा, यातून काहीही साधत नाही. त्या काळात ताई आणि भावोजी ट्रेनने ठाण्याला येत. आई गुडघेदुखीमुळे ट्रेनने जाऊ शकत नव्हती आणि टिकलीला एकटी ठेवणे कोणालाच मान्य नव्हते, म्हणून ताईने हे आनंदाने स्वीकारले.

पहिला आठवडा गाडी हललीच नाही. आमचे पार्किंग तळघरात आहे; तेथे आवाज घुमतो, ओल असते आणि प्रत्येक गाडीचा अलार्म अंगावर येतो. म्हणून मी गाडी वर, सोसायटीच्या फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत आणून उभी करीत असे. चारही दारे उघडी, इंजिन बंद, आणि टिकलीचा जेवणाचा वाडगा गाडीपासून पाच-सहा पावलांवर. पहिल्या दिवशी तिने खाल्ले, पण मान वाकडी करून एक डोळा सतत गाडीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी वाडगा दाराच्या उंबऱ्याशी होता. सहाव्या दिवशी मी तो आतल्या गोधडीवर ठेवला आणि हातही न लावता बाजूला उभा राहिलो. तिने पुढचे दोन पाय आत ठेवले, वाडग्यातले उकडलेल्या चिकनचे तुकडे तेवढे वेचून खाल्ले आणि भात तसाच ठेवून उतरली. मी तिला अडवले नाही. आठव्या दिवशी तिने भातही संपवला.

पुढचा क्रम याच चालीने होता: आत बसून जेवणे, मग एक दार बंद, मग सर्व दारे बंद, मग हार्नेसचा खटका लावणे, मग जेवताना इंजिन सुरू करून लगेच बंद करणे, मग गाडी दोन हात पुढे नेऊन थांबवणे, मग सोसायटीला एक फेरी. एका दिवशी एकच नवी पायरी आणि ती आवडत्या खाण्याबरोबर. तिने खाणे थांबवले की ती पायरी मोठी झाली असे समजायचे आणि दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर परत यायचे. आम्ही दोनदा मागे आलो, आणि दोन्ही वेळा इंजिनाच्या पायरीवर. भूक हे येथे आपले मोजमाप आहे. घाबरलेला कुत्रा आवडता पदार्थही तोंडात घेत नाही.

गाडी कोठे नेते, यालाही तितकेच महत्त्व आहे. मी आठवून पाहिले, तर नेरूळ सोडल्यास टिकली गाडीत बसे ती केवळ लसीकरणासाठी. म्हणजे गाडी थांबली की एक तर सुई किंवा दीड तासाच्या ओकारीनंतरचा थकवा. म्हणून पहिल्या दहा-बारा छोट्या फेऱ्या आम्ही तिला आवडेल अशाच ठिकाणी संपवल्या: पाच मिनिटांवरचा शांत, झाडांचा रस्ता, तेथे वीस मिनिटे मनसोक्त हुंगणे आणि परत. ठाण्यातील अनेकांना यासाठी येऊर सुचते. तेथील जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेथे बिबटे आहेत, आणि पाळीव कुत्र्याला जंगलात नेणे त्याच्या व वन्यजीवांच्या दृष्टीने योग्य नाही; तो बेत टाळावा.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर त्याची भीती वाढते, असे आम्हाला अनेकांनी बजावले होते. तसे होत नाही. त्याला जवळ यायचे असेल तर येऊ द्यावे आणि शांत आवाजात बोलावे. रागावणे, ओढत नेणे आणि उचलून आत टाकणे यांनी मात्र आठवड्यांची मेहनत एका मिनिटात वाया जाते. काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की या पद्धतीला औषधाची जोड लागते. भीती कमी करणारी औषधे पशुवैद्य तपासून देतात. केवळ गुंगी आणणारे औषध मागू नये, कारण गुंगीत पडलेला कुत्रा शांत दिसतो, पण आतून तितकाच भेदरलेला असू शकतो.

उन्हाचा प्रश्न, जो त्रास नसून संकट आहे

वर सांगितलेल्या सर्व गोष्टींत चूक झाली तर प्रवास बिघडतो. येथे चूक झाली तर जीव जातो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून, जिभेवरचा ओलावा उडवून अंग थंड करतो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तो ओलावा सहज उडत नाही, म्हणून कोरड्या हवेच्या गावात जे तापमान त्याला सोसते तेच ठाण्यात किंवा वाशीत सोसत नाही. पग, शिह त्झू, बुलडॉग, बॉक्सर अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापा टाकणेच जड जाते.

बंद उभ्या गाडीतील तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे २२ अंश सेल्सिअसने वाढू शकते, आणि त्यातली बहुतांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. मार्चच्या सकाळी बाहेर ३० अंश असतील, तर आत पन्नाशी गाठायला फार वेळ लागत नाही. ‘दोन मिनिटांत दूध घेऊन येतो’ म्हणून मी टिकलीला एकदाही गाडीत एकटी ठेवत नाही. एसी सुरू ठेवूनही नाही, कारण तो बंद पडला तर सांगणारे कोणी आत नसते.

चालत्या गाडीतही मागच्या सीटवर एसीची हवा पोहोचते की नाही, हे तळहात कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर धरून पाहावे. पुढे गारवा असताना मागे कोंदटपणा असतो, हे मला असेच कळले. उन्हाची बाजूही पाहून ठेवावी. ठाण्याहून नेरूळकडे आपण साधारण दक्षिणेला जातो, त्यामुळे सकाळचे ऊन डावीकडून येते. दुपारनंतर उत्तरेला परतताना मावळतीचे ऊनही डावीकडूनच येते. टिकलीची जागा म्हणून दोन्ही वेळा चालकाच्या मागे, उजवीकडे असते. उतरवताना मात्र नेहमी डाव्या दाराने, कारण उजवीकडून वाहने जात असतात.

धाप थांबत नाही, लाळ घट्ट आणि चिकट झाली आहे, हिरड्या लालभडक किंवा फिकट पडल्या आहेत, पाय लटपटतात, ही उष्माघाताची चिन्हे आहेत. अशा वेळी गाडी सावलीत घ्यावी, एसी पूर्ण सोडावा, पोट, काखा, जांघा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवत राहावे आणि त्यावर वारा घालावा. ओला टॉवेल अंगाभोवती गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता आत कोंडते. शुद्धीत असेल तर पाणी घोट घोट द्यावे, बळजबरीने ओतू नये. आणि तो सावरला असे वाटले तरी थेट पशुवैद्यांकडे जावे, कारण आतील अवयवांना झालेली इजा नंतर दिसून येऊ शकते.

दार, खिडकी आणि कायदा

मागच्या दारांचे चाइल्ड लॉक आणि चालकाकडचे खिडक्या बंद ठेवण्याचे बटण प्रत्येक वेळी लावावे. पंजा पडून काच खाली जाते, आणि वर येताना तीच काच मान दाबू शकते. दार उघडण्यापूर्वी फिरवण्याचा पट्टा हार्नेसला अडकवून तो हातात घट्ट धरावा आणि मगच सीटबेल्टचा खटका सोडावा; आधी खटका आणि मग पट्टा असे केले, तर मधल्या दोन सेकंदांत कुत्रा सायन-पनवेल महामार्गावर असू शकतो. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन क्रमांकाची पट्टी असावी. द्रुतगती मार्गावर कडेला थांबून कुत्र्याला उतरवणे अत्यंत धोक्याचे आहे. दर दोन तासांनी विश्रांती हवी, पण ती फूड मॉलच्या आवारातच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२५ नुसार, गाडीवरच्या नियंत्रणात अडथळा येईल अशा रीतीने चालकाने कोणाला बसू देणे किंवा काही ठेवणे निषिद्ध आहे; मांडीवर कुत्रा घेऊन गाडी चालवणे यात सरळ बसते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ मध्ये, प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा पद्धतीने वाहनातून नेणे हाही गुन्हा मानला आहे.

आठव्या आठवड्यात आम्ही टिकलीला प्रथम ऐरोलीपर्यंतच नेऊन परत आणले, त्यानंतरच्या रविवारी कोपरखैरणेपर्यंत, आणि तिसऱ्या खेपेला ताईच्या दारापर्यंत. आता सात-आठ महिने झाले. वहीत नोंदी अजूनही करतो. विटाव्याच्या पुलाखाली असताना वरून रेल्वेगाडी धडधडत गेली की ती अजून एकदा ओठ चाटते. मी गोधडीवर हात ठेवतो आणि दिघ्याच्या अलीकडे ती पुन्हा हनुवटी टेकवून आडवी होते. परवाच्या पानावर ७.५८ समोर एवढेच लिहिले आहे: ‘झोपली.’